डावा मोजा

अँब्रोजच्या डाव्या पायातला मोजा पुन्हा घसरला. गुडघ्याखाली बंद करकचून बांधला होता, तरी पोटरीवर लोकरीच्या वळ्या पडल्या. उजवा मात्र कातडीसारखा बसला होता.

परवा धाकट्या मुलीच्या लग्नात त्याला तिचा हात धरून चर्चमध्ये जायचं होतं. तुमान गुडघ्यापर्यंतच, त्याखाली पुरुषाची शान काय ती पोटऱ्यांची. त्याची बायको थॉमसिन हिवाळ्यात वारली होती. तिने विणलेला शेवटचा जोड विरून गेला होता, म्हणून हा नवा शेजारच्या ॲव्हिसने विणला होता. मापाला अँब्रोजने तिच्यापुढे उजवा पाय केला होता.

मुलीची होणारी सासू उर्सुला तिथेच ॲव्हिसशेजारी बसली होती. दरीतल्या बायकांना लोकर वाटायची आणि विणलेले मोजे गोळा करायचे, हे काम तिच्याकडे.

"ॲव्हिस, एक पाय मेंढीचा नि एक कोकराचा समजून विणलेस का गं?" असं म्हणून ती स्वतःच हसली.

ॲव्हिसला हसू आलं नाही. नवरा गेल्यापासून ती सुयांवर जगत होती आणि वीस वर्षांत तिचा टाका चुकला नव्हता. दोन्ही मोजे शहाण्णव टाक्यांचे आहेत, हवं तर मोजून घ्या, असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात अँब्रोजने थॉमसिनचा जुना जोड तिच्या हातात दिला. काही उपयोग होतो का बघ, एवढंच पुटपुटला आणि मेंढ्यांकडे निघून गेला.

घरी खिडकीपाशी बसून ॲव्हिसने जुन्या मोज्यांचे टाके मोजले. उजव्याचे शहाण्णव. डाव्याचे ब्याऐंशी. शिवाय डाव्याच्या पोटरीला आतून दुहेरी लोकर होती, बाहेरून कळू नये अशी. तिने पुन्हा मोजलं.

थॉमसिनशी लग्न झालं त्याच वर्षी अँब्रोज गाडीखाली सापडला होता आणि अख्खा हिवाळा अंथरुणाला खिळून होता. डावा पाय अगदी पहिल्यासारखा झाला, असं थॉमसिन विहिरीवर सगळ्यांना सांगायची. दर रविवारी नवऱ्याच्या पायात मोजे तीच घालायची, त्याला हात लावू द्यायची नाही. गावातले पुरुष त्याला राजेसाहेब म्हणून चिडवायचे. मोज्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ते होतं, हे ॲव्हिसला आत्ता उमगलं. डावा पाय बारीकच राहिलाय, हे तीस वर्षं त्या बाईने नवऱ्याला कळू दिलं नव्हतं.

ॲव्हिसने नवा डावा मोजा उसवला आणि ब्याऐंशी टाके घालून, पोटरीला आतून दुहेरी लोकर घेत दुसऱ्या दिवशी दिवसभर विणत बसली.

लग्नाच्या सकाळी ती मोजे घेऊन गेली तर उर्सुला आलेलीच होती.

"माझंच मोजायला चुकलं," ॲव्हिस म्हणाली.

उर्सुलाने ओठ मुडपले. जिला मोजता येत नाही तिला यापुढे लोकर द्यायची की नाही ते बघावं लागेल, म्हणाली. ॲव्हिस खाली मान घालून उभी राहिली.

बाकावर बसलेल्या अँब्रोजने दोन्ही उघडे पाय उर्सुलापुढे लांब केले. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली दोन बोटं बारीक होती.

"ती चुकली नाही. हा पायच असा आहे. तीस वर्षं झाली."

उर्सुला बघत राहिली. मग लोकर नेहमीसारखी सोमवारी घेऊन जा, असं तिने ॲव्हिसला सांगितलं आणि नवरीकडे निघून गेली.

ॲव्हिस मोजा हातात धरून तशीच उभी होती. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग थॉमसिनला कधी बोलला का नाहीत?"

अँब्रोजने तिच्या हातून मोजा घेतला आणि वाकून डाव्या पायात चढवायला लागला. टाचेपाशी त्याला ते नीट जमेना.

"बोललो असतो, तर रविवारचे मोजे माझे मलाच घालावे लागले असते."