मध

रिवाजाप्रमाणे खांद्यावरचं कापड खाली घेऊन अग्येकुम मास्तर अनवाणी नानांसमोर उभा होता आणि बाहेर कुमासी शहराला जाणारी गाडी हॉर्न वाजवत होती. मास्तरची पेटी टपावर चढली होती. गावानं पगार वाढवला तर पेटी उतरायची, नाही तर मास्तर चढायचा. कुमासीच्या शाळेला आजच उत्तर हवं होतं. मास्तरला खरं तर इथलीच पोरं सोडवत नव्हती.

नाना, म्हणजे गावचे राजे, हाताच्या अंतरावर बसले होते. पण राजाशी थेट कोण बोलतं? मधे सोन्याच्या मुठीची काठी घेऊन न्टियामोआ उभा होता, नानांचा ओक्यामे, म्हणजे राजाच्या वतीनं बोलणारा. आपण त्याला सांगायचं, त्यानं मध लावून नानांना सांगायचं. तोवर नानांना काही ऐकू आलेलं नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

"ओक्यामे, नानांच्या कानावर घाला. गाव मला देतं तो पगार म्हणजे 'पिटन्स' आहे." शब्द इंग्रजी होता, कारण आपल्या भाषेत तेच म्हणायला एक मेंढी दंड पडतो.

"मास्तर, हा काय पदार्थ?"

"दिल्यासारखा दिसतो, पण घेतला की हात रिकामाच."

ओक्यामे वळला. "नाना, मास्तर म्हणतात, आपलं देणं दवासारखं. ऊन चढेपर्यंत गवताला केवढा आधार!"

नाना खूश झाले. त्यांनी लंडनमध्ये अर्धं आयुष्य बस चालवली होती आणि दर आठवड्याला पगार हातात पडला की हाच शब्द वापरला होता. पण राजाला आधीपासून काही माहीत असणं शोभत नाही. ते पुटपुटले.

"नाना विचारतात, वाक्यात कसा वापरतात?"

हॉर्न वाजला. मास्तरचा पाय दाराकडे वळला. पण मास्तरकडे वाक्य मागणं म्हणजे बोकडाला केळ्याची साल दाखवणं.

"गाव मास्तरला पिटन्स देतं."

"दुसरं सांगा म्हणतात."

"पिटन्सवर जगणारा मास्तर रात्री पाणी पिऊन झोपतो."

"सारखं स्वतःचंच काय लावलंय, म्हणतात. बाहेरचं उदाहरण द्या."

"ओ मास्तर!" ड्रायव्हर ओरडला. "येताय की पेटीच नेऊ?"

घाईत मास्तरनं, वर्गात उदाहरणाला खिडकी किंवा फळा घेतात तसं, समोर दिसलं ते घेतलं.

"नाना ओक्यामेला पिटन्स देतात."

नानांच्या डोक्यावर छत्री धरणाऱ्याची छत्री कलली. पाहुणे नानांना दारूची बाटली आणतात, तिचा तळ ओक्यामेला मिळतो. त्याच्या बापालाही तळच मिळायचा.

"लाव बाबा मध, पटकन," नानांशेजारी बसलेल्या राणीआई कुजबुजल्या.

ओक्यामे नानांकडे वळला.

"नाना, मास्तर म्हणतात, नाना ओक्यामेला पिटन्स देतात."

नाना थांबले. मागून एखादी म्हण येईल, असं त्यांना वाटलं. आली नाही.

"आणि मध?" नाना थेट बोलले. असं कधी झालं नव्हतं.

"महागलाय, नाना."

ओक्यामेनं काठी मास्तरच्या हातात दिली. "जरा धरा," म्हणाला, बाहेर गेला आणि स्वतःच्या चपला घालून गाडीत मास्तरच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला. गाडी मास्तरच्या पेटीसकट सुटली. हॉर्न आधी वेशीपाशी वाजला, मग पुलापाशी.

मग नाना काठीच्या दिशेनं झुकले आणि पुटपुटले, "मास्तरला सांग, पगाराचं बघू याम-कंदाच्या सणानंतर."

मास्तरनं मागे पाहिलं. काठी त्याच्याच हातात होती. सगळे वाट बघत होते.

तो उंबऱ्याबाहेरच्या आपल्या रिकाम्या चपलांकडे वळला, जणू मास्तर तिथेच उभा आहे, आणि खाकरला.

"मास्तर," तो म्हणाला, "नाना म्हणतात, तुमचा पगार म्हणजे बियाण्यासाठी राखलेला याम. तो कोणी आत्ता खातं का?"