वहिनींचा कान

वनमाला गेली हे गुणाजीला कळलं तेव्हा तो एका फियाटच्या दारात स्पीकरचे स्क्रू आवळत होता. समोरचा पानवाला नंदू धापा टाकत आला. "गुणाजीशेठ, वहिनींना ट्रकने उडवलं. आग्रा रोडवर." गुणाजीने हातातला स्क्रू आधी पुरता बसवला. का बसवला, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही.

ती दळण घेऊन परत येत होती. रस्त्यावर पीठ सांडलं होतं.

ट्रकवाला भीमराज पळाला नाही. फूटपाथवर बसून तो हवालदाराला एकच सांगत होता, "तीनदा हॉर्न दिला, साहेब. बाईने मान वर केली नाही."

हॉर्न सगळ्यांनीच ऐकला होता. नंदूने तर दोन गल्ल्या आत, पानाच्या गादीवर ऐकला होता.

कुजबुज तिथूनच सुरू झाली. कारण घाटकोपरात ज्याने ज्याने गुणाजीकडून गाडीत टेप बसवून घेतला, त्याला वहिनींचा कान माहीत होता. वायरी ओढायचं, ॲम्प्लिफायर सीटखाली बसवायचं काम गुणाजीचं. आवाज लावायचं काम तिचं. ॲम्प्लिफायर जास्त चढवला की आवाज फाटतो, आणि फाटका आवाज दोन दिवस वाजला की स्पीकर जळतो. उतरवून ठेवला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. वनमाला मागच्या सीटवर बसायची, डोळे मिटून, तळहात दारातल्या स्पीकरच्या जाळीवर ठेवून. गुणाजी पुढे बसून तबल्याची कॅसेट लावायचा, टेप पाऊण आवाजावर न्यायचा आणि ॲम्प्लिफायरचा स्क्रू हळूहळू फिरवत आरशात तिच्याकडे बघायचा. आवाज फाटायला आला की तिचं बोट वर व्हायचं. तिथून केसभर मागे, की झालं. बारा वर्षांत तिने लावलेला एकही स्पीकर जळून परत आला नव्हता.

बोलायची कमी. गिऱ्हाईक बोलत असलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. लोकांना ते फार आवडायचं. आपलं कोणीतरी नीट ऐकतंय, असं वाटायचं.

असल्या कानाच्या बाईला हॉर्न ऐकू येत नाही? मग ती मुद्दाम गेली. आणि मुद्दाम गेली, तर घरात काहीतरी झालं असणार.

तेराव्याला गुणाजीची थोरली बहीण सुगंधा विक्रोळीहून आली होती. माणसं पांगल्यावर तिने विचारलंच. "खरं सांग रे गुणा. सकाळी भांडलात?"

"नाही."

"मग अशी कशी गेली ती? मानी होतीच म्हणा. मी मागून तीन हाका मारल्या तरी वळायची नाही. आणि तू तर हाकसुद्धा मारायचा नाहीस. समोर जाऊन उभा राहायचास, कलेक्टरच्या पुढ्यात उभं राहावं तसा. तूच डोक्यावर चढवलीस."

गुणाजी उठून मोरीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

हवालदार जयवंत दोनदा येऊन गेला. माणूस वाईट नव्हता. "शेजारी काय काय बोलतायत, तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "बाई अशी का गेली, ते दोन ओळींत सांगा, मी कागद बंद करतो. नाही सांगितलंत, तर लोक सांगतात तेच लिहावं लागेल. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून. सोमवारी दुपारपर्यंत या."

"येतो," गुणाजी म्हणाला.

दुकान त्याने उघडलं होतं, पण आवाज काही लागत नव्हता. कितीही कान देऊन ऐकलं तरी नेमकी जागा सापडेना. आठवड्यात दोन गाड्यांचे स्पीकर जळले. तिसरं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरलं.

सोमवारी सकाळी श्यामसुंदर आपली नवी मारुती घेऊन आला. जुना दोस्त.

"दोन जाळलेस म्हणे."

"हो."

"माझे दुबईचे आहेत. मेहुण्याने चड्ड्यांत गुंडाळून आणलेत. जरा बेताने."

गुणाजीने वायरी जोडल्या. मग तो पुढे बसला नाही. स्क्रूड्रायव्हर त्याने श्यामसुंदरच्या हातात दिला. "तू फिरव. हळू. आरशात बघ. माझं बोट वर झालं की थांब."

तो मागे, तिच्या जागेवर बसला. खिशातून कापूस काढला, दोन बोळे वळले आणि दोन्ही कानांत घट्ट कोंबले.

"अरे, आवाज लावायचाय की झोप काढायचीय?" श्यामसुंदर म्हणाला. गुणाजीला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. त्याने डोळे मिटले आणि तळहात जाळीवर ठेवला.

आधी नुसती धडधड आली. ती वाढत गेली, कोपरापर्यंत चढली. मग धडधडीच्या खाली काहीतरी बारीक खरखरलं, भाजलेल्या पापडावरून बोट फिरवावं तसं. गुणाजीने बोट वर केलं.

श्यामसुंदर थांबला. केसभर मागे आला. तबला स्वच्छ वाजत होता, बोल न् बोल वेगळा. त्याने आवाज वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग मागे वळून गुणाजीकडे बघत राहिला.

गुणाजीने कापूस काढला.

"झकास," श्यामसुंदर म्हणाला. "अगदी वहिनींचा कान. पण एक सांग यार, लोक म्हणतात तसं काही नव्हतं ना? एवढं बारीक ऐकणारी बाई, आणि हॉर्न..."

"दुपारी पोलीस चौकीत जायचंय," गुणाजी म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर परत घेतला.

वनमालाचे दोन्ही कान नवव्या वर्षी तापात गेले होते. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ते त्याला कळलं, आणि कुणाला कळू देणार नाही, असा शब्द त्याने तिला त्याच दिवशी दिला होता. चौकीतला जबाब अजून द्यायचा राहिला आहे.