शिरीनमहालाचा पडदा

बायजीने हात पुरेल तितक्या उंचावर कोयता खुपसला आणि अंगाचा भार देऊन खाली ओढला. शिरीनमहालाचा पडदा टरटरत फाटला. रिकाम्या टॉकीजमध्ये तो आवाज असा घुमला, की छतातल्या चुन्याच्या मोरांवर बसलेले पारवे फडफडत उठले.

वर, मशीनच्या खोलीच्या झरोक्यात, देवजीचं तोंड आलं.

"कोण हाय?"

"मी. तुझी बायको."

"काय करतेस?"

"बघत बस. आज फुकट खेळ हाय."

तिने दुसरा वार घातला.

दिवाळीपासून तलासरीकडची जमीन हलत होती. फळीवरची भांडी आपोआप वाजत, कौलं सरकत. सगळा पाडा घरं सोडून शेतात प्लास्टिकखाली झोपू लागला. एकटा देवजी बाहेर येईना. टॉकीज बंद होऊन चार वर्षं झाली होती, मालक मुंबईला निघून गेला होता, तरी ऑपरेटर देवजीच्या कमरेची चावी काही सुटली नव्हती. "पडद्याजवळ कोणीतरी पायजे," एवढंच तो म्हणायचा. मागच्या हप्त्यात पडद्यामागच्या भिंतीला चीर गेली. कडेने डोकावलं तर चिरेतून बाहेरचा ताड दिसायचा. बायजीने रडून पाहिलं, भाकरी बंद करून पाहिली, मुलाला पाठवून पाहिलं. शेवटी तिने कोयता घेतला. पडदाच नसला तर म्हातारा राखेल काय?

कोण्या इराण्याने चिकूच्या पैशावर, बायकोच्या नावाने बांधलेला हा महाल. सायवनहून त्याच्यासाठी बैलगाड्या जुंपल्या जात. झाईचे मच्छीमार जाळी वाळत टाकून यायचे. जिन्यावर पुरुषभर उंचीचा आरसा होता. लगीन लागलं की नवरा-नवरी आधी देवीला जात, मग शिरीनमहालात. तोवर फक्त पाण्यात तोंड पाहिलेल्या पोरी तिथे पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला भेटत. मांडवात बाया गायच्या,

शिरीनमहालाला जिना बाई आरशाचा,
नवरी बघे नवरीला, हात धरी नवऱ्याचा.

बायजीही हळदीच्या अंगाने त्या आरशापुढे उभी राहिली होती. त्या दिवशी मशीन दुसऱ्याच्या हाती देऊन देवजी तिच्या शेजारी बसला होता. अंधार होण्याआधी त्याने बोट दाखवलं होतं, "तो पांढरा दिसतो ना, तो मी रंगवतो. दर दिवाळीला." खेळभर ती पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत राहिली होती.

आता त्याच पडद्याच्या चिंध्या तिच्या पायांशी लोंबत होत्या, आणि देवजी एकेक पायरी धरत खाली येत होता.

तो समोर उभा राहिला. शिवी नाही, हात उगारणं नाही. फाटलेली कड त्याने दोन बोटांत धरली, मेलेल्या जनावराचा कान धरावा तशी, आणि सोडून दिली.

"चल," बायजी म्हणाली.

तो निघाला.

शेतात शेजारचा काकड्या प्लास्टिकची दोरी ताणत होता. "आले टॉकीजवाले," तो म्हणाला. "बाल्कनी नाय मिळायची हां बाबा इथं. सगळे खालीच बसतात." बाया हसल्या. देवजीही हसला असं बायजीला वाटलं. त्याने नातीला मांडीवर घेतलं, भाकरी खाल्ली, पाणी मागून घेतलं. झोपेत जमीन हलली तेव्हा बायजीने हात लांबवून चाचपलं. तो होता. कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

तोंडावर ऊन आलं तेव्हा तिने डोळे उघडले. शेजारी गोधडी घडी घालून ठेवली होती.

सून चुलीपाशी होती. "रोशनी, बाबा कुठं गेला?"

"मला काय म्हायती, आय. ज्यानं घोलवडला करंड्या शिवतेस ना, तो दाभण मागितला त्यानं. दोरा ओवून पण दिला मी. मला वाटलं, प्लास्टिक फाटलं असंल."

बायजी अनवाणी पळत सुटली.

टॉकीजचं दार उघडं होतं. चीर रातोरात रुंदावली होती. फाटलेल्या पडद्यातून आता अख्खा ताड दिसत होता, आणि तिथून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात देवजी उकिडवा बसला होता. खालून वर, त्याच्या खांद्यापर्यंत टाके घालून झाले होते. बारीक, एकसारखे. लांबून बघणाऱ्याला दिसू नयेत असे.

"म्हाताऱ्या, भिंत बघ."

"बघितली."

"मरशील इथं."

"हां," तो म्हणाला. मान न वळवता त्याने दाभण मागे धरला. "दोरा संपला. ओवून दे. मशीनच्या उजेडानं डोळे खाल्ले माझे, नेढं दिसत नाय."

छतातून चुना गळत होता, जात्याखालच्या पिठासारखा. बाहेर, शेताकडून, काकड्या त्या दोघांना नावं घेऊन हाका मारत होता. बायजीने एकदा दाराकडे पाहिलं.

मग ती नवऱ्याच्या शेजारी बसली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, दाभण उन्हात धरला. नेढं काही केल्या एका जागी थांबेना. आपला हात थरथरतोय की जमीन, ते तिला कळत नव्हतं.