शेजारच्या बाई

विद्यापीठाच्या सभागृहात तासभर नुसत्या शाली आणि नारळ वाटणं चाललं होतं. म्हणे मेंदू आरोग्य मेळावा! दारातल्या थर्माकोलच्या मेंदूत डोकं घालून लोक सेल्फी काढत होते. 'रिकामी डोकी ठेवायला बरी जागा मिळाली,' प्रमिलाबाई मनात म्हणाल्या.

शेजारी त्यांचे यजमान, अण्णा, शांत बसले होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला हा माणूस दोन महिन्यांपासून बायकोला ओळखत नव्हता. प्रश्नांसाठी कागद वाटले, तेव्हा प्रमिलाबाईंनी लिहिलं, 'नवरा मला ओळखत नाही. मी काय करू?' अण्णांनीही हट्टानं कागद मागून काहीतरी लिहून दिलं.

अखेर मोठे डॉक्टर चिठ्ठ्या वाचू लागले. अक्रोड किती खावेत? भिजवून की कोरडे? प्रत्येकाला हसून उत्तर. "चुलीत घाला ते अक्रोड," प्रमिलाबाई पुटपुटल्या. त्यांची चिठ्ठी आली, तशी "हे ओपीडीत विचारा" म्हणून डॉक्टरांनी बाजूला टाकली.

पुढची त्यांनी मोठ्यानं वाचली. "माझ्या शेजारी एक बाई बसल्या आहेत. चांगल्या आहेत, पण फार दमल्यात. त्यांना घरी पोचवायला कोणी येईल का?"

सभागृह खदखदून हसलं. डॉक्टरही हसले आणि त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

अण्णा उठले. प्रमिलाबाईंची पिशवी त्यांनी आपल्या खांद्याला अडकवली.

"चला बाई, इथं कोणी येणार नाही. मी सोडतो. तुमचं घर कुठं आहे, तेवढं सांगा."