ओली पोती

सहावी कोंबडी चोच वासून आडवी पडली, तशी वनिता धावली. तिने खुराड्याच्या दारावर आणि झरोक्यावर टांगलेल्या पोत्यांवर आणखी एक बादली ओतली. सोलापुराकडे माहेरी खुराडं असंच असायचं. मातीच्या जाड भिंती, वीतभर झरोका आणि उन्हाळ्यात ओली पोती. आत कसं गार व्हायचं! इथे मालवणात तिने हौसेने, कुणाला न विचारता, तस्संच बांधून घेतलं होतं. पण जितकं पाणी ओतावं, तितक्या कोंबड्या जास्तच धापा टाकत होत्या.

काजू वाळत घालून सासू परसात आली आणि ओरडलीच, "अगो, आधी ती पोती ओढून काढ! हयसरची हवाच ओली, त्यात तू आणखी पाणी घातलंस? वारो खंयसून येतलो? जीव घुसमाटलो त्यांचो!"

वनिताने पोती ओरबाडून फेकली. झाकण काढलेल्या पातेल्यासारखी वाफ तिच्या तोंडावर आली. सासूने कुदळीने भिंत फोडली. वारा आत शिरला, तशी एक कोंबडी धडपडत उठली.

वनिता मात्र जागीच थिजली. "बाळ!" एवढंच म्हणून ती घरात धावली. दुपारी निजवताना, गार वाटावं म्हणून, तिने पाळणा चहूबाजूंनी ओल्या चादरीने झाकला होता.

आत काहीच आवाज नव्हता. तिने चादरीला हात घातला, तोच आतून एक इवलीशी लाथ तिच्या मनगटावर बसली.