राहीबाईच्या चेहऱ्यावरच्या रेघा

"परत आल्या," मशीनवरचा कामगार भरत म्हणाला.

केसरीनाथने ओल्या फ्लेक्सवर वाकून पाहिलं. छापलेल्या फोटोत त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक आडव्या रेघा होत्या. उद्या तिचं वर्षश्राद्ध. सकाळी धामणकर नाक्यावर बॅनर लागायचा होता.

"नोझल चेक काढ."

भरतने चाचणीची पट्टी छापून काढली. चारही रंग पुरे, कुठे तुटलेलं नाही. तरी केसरीनाथने शाई सोडणारं हेड स्वतः साफ केलं. फ्लेक्स पुढे सरकण्याचं माप जुळवलं, वेग कमी केला. तिसरी प्रिंट निघाली. रेघा जिथल्या तिथे.

"दादा, वीस फूट वर लागल्यावर कोन बघतंय?"

"मी बघीन."

 गेल्या वर्षी काय घडलं ते भरतच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. बॅनरचं माप चुकलं म्हणून केसरीनाथ बायकोवर गिऱ्हाइकासमोर ओरडला होता. राहीबाई माप दुरुस्त करायला बसली. दुपारी ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत कोसळली ती उठलीच नाही.

"धडधाकट होती आई," भाविक स्मशानात सगळ्यांदेखत म्हणाला होता. "बाबा, तुम्हीच मारलंत तिला."

केसरीनाथलाही तसंच वाटत होतं. तेराव्यानंतर मुलाने कागद पुढे केले. त्याने न वाचता सह्या केल्या. दुकान, मशीन, सगळं भाविकचं झालं. तेव्हापासून तो स्वतःच उभ्या केलेल्या दुकानात कामगार म्हणून येत होता. त्याची तक्रार नव्हती. जिचा जीव घेतला तिचा चेहरा तरी नीट छापून निघावा, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने भाविकला फोन लावला.

"रेघा जात न्हाईत रे."

"मशीन जुनी झालीय, बाबा. हेड धुवा."

"धुतलं. फोटो कुठला हाय ह्यो?"

"मामाकडच्या पूजेतला. फाइलला हात लावू नका, मी नीट बसवलीय." फोन बंद झाला.

केसरीनाथने मशीनवरचा फ्लेक्स उतरवला. मग म्हणाला, "भरत, दुसरं काम लाव. तो भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर."

बॅनर निघाला तसा भरत हसला. "बघा दादा, भाऊंचा गाल कसा, लोण्यासारखा! मशीनला उगाच शिव्या दिल्या आपन."

म्हणजे रेघा फोटोतच होत्या.

केसरीनाथ कॉम्प्युटरसमोर बसला. राहीबाईच्या मागे उभं राहून बघता बघता त्याला थोडंफार येत होतं. फोटो एका चौकटीत बसवलेला होता. चेहरा तेवढा दिसत होता, बाकीचा भाग चौकटीआड झाकलेला. मूळ फोटो मोठा असेल, त्यातून काही सुधारता येईल, असं त्याला वाटलं. त्याने चौकट काढली.

फोटो पूर्ण उघडला. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने मोबाइलच्या फोटोत पडतात तशा त्याच आडव्या रेघा सगळ्या फोटोभर होत्या. राहीबाई लोखंडी खाटेवर बसून हसत होती. मनगटाला सलाईन. मागच्या भिंतीवर पाटी, 'हृदयरोग विभाग'. खालच्या कोपऱ्यात तारीख, ती वारण्याच्या सात महिने आधीची; तेव्हा ती भावाकडे पूजेला म्हणून दोन दिवस गेली होती. आणि मोबाइल धरलेला हात पुढे लांबवून, तिच्या खांद्याला खांदा लावून, भाविक बसला होता.