तिघांचं मान्य

साधनाताईंनी सात खुर्च्या मांडल्या. त्यातल्या दोन उगाचच आहेत, हे त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. टेबलावर चिवड्याचा डबा होता आणि शेजारी चौदाशे शब्दांची छापील यादी. उद्या, सोमवारी, ती पाठवायची होती.

संगणकावरच्या एका खुल्या, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी शिकवायचं, म्हणजे त्यातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधायचे, हे काम तीन वर्षांपूर्वी, २००२ साली, नाशिकच्या पाच इंजिनिअरिंगच्या मुलांनी काढलं होतं. कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या साधनाताई त्यात सहाव्या. सगळं ईमेलवर चालायचं. नियम एकच. शब्द कुणीही सुचवावा, पण तिघांनी 'मान्य' लिहिल्याशिवाय तो यादीत जायचा नाही. मुलांना पुण्यात नोकऱ्या लागल्या आणि ती पांगली. नियम राहिला आणि साधनाताई राहिल्या.

मग नामपूरहून ललितचं पत्र आलं. तो तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. मलाही काम करायचंय, आपण किती जण आहोत, असं त्याने विचारलं होतं. एकटीच आहे म्हटलं तर हाही जाईल, या धास्तीने त्यांनी लिहून टाकलं, आहोत तिघं.

असे गोटीराम आणि वत्सलाबाई जन्माला आले. नियम बदलता आला असता, पण तो बदलायलाही तिघांचं मान्य लागत होतं. पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाईला नियम मोडण्यापेक्षा माणसं तयार करणं सोपं वाटलं. वत्सलाबाई मवाळ होत्या. गोटीराम मात्र प्रत्येक शब्दाला फाटे फोडायचा. भांडण नसलेलं मंडळ खोटं वाटतं, हे ताईंना ठाऊक होतं.

आणि मंडळ खरंच भरलं. येवल्याचा भिका आला, पिंपळगावची पल्लवी आली. भिकाचं आणि गोटीरामचं तर रोज वाजायचं. नामपूरला लोडशेडिंग असलं की येवला-पिंपळगावची पत्रंही थांबायची. ताई अख्ख्या जिल्ह्याच्या वतीने वीज मंडळाला शिव्या घालायच्या. त्या दिवसांत एकट्या तृप्तीचं पत्र यायचं.

तृप्ती सगळ्यांत शेवटी आलेली, पेठकडच्या एका शाळेतली बाई. 'डिलीट'ला 'काढून टाका' म्हणायचं की 'पुसा' यावर भिका आणि गोटीराम आठ दिवस भांडले, तेव्हा तिने वर्गातल्या मुलांना विचारून कळवलं, मुलं पाटीवरचं 'पुसतात'. दोघांनीही 'पुसा' मान्य केलं. मागचे शब्दही तिने एकेक करून तपासले आणि प्रत्येकाखाली मान्य लिहिलं. एकदा तिने लिहिलं होतं, इथे डोंगरात मी एकटीच आहे, पण तुम्ही सगळे आहात म्हणून संध्याकाळी बरं वाटतं. ते वाचून ताईंनी चष्मा काढून पुसला होता. त्यांचंही तसंच होतं. यजमान गेल्यावर दिवेलागणीला वाट बघायला काही उरलं नव्हतं, ते या माणसांनी दिलं होतं.

म्हणूनच आजच्या या पहिल्याच भेटीत खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मग माणसं उठून गेली तरी चालेल.

ललित आला. तिशीतला, हडकुळा, हातात द्राक्षांची पेटी. ताईंच्या पाया पडला. पल्लवीला ताप आलाय आणि भिकाच्या कांद्याचा लिलाव निघाला, असं त्याने खाली बघत सांगितलं. द्राक्षं मात्र पल्लवीनेच दिलीत म्हणाला.

"बस," ताई म्हणाल्या. "गोटीरामही येणार नाही. वत्सलाबाईही नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ललित ऐकत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "भिका लय हळवा हे. गोटीराम नव्हताच, हे त्याला कसं सांगू?"

"तू नको सांगू. त्याला मी लिहीन."

"लिहायची गरज नाय." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "त्यानं आत्ताच ऐकलं."

ताईंना कळायला थोडा वेळ लागला. "आणि पल्लवी?"

"माणसं कमी दिसली तर तुम्ही काम बंद कराल, असं वाटलं मला. द्राक्षं मी स्टँडवर घेतली."

मग ताई हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तुझ्या भिकाने माझ्या गोटीरामला गाढव म्हटलं होतं, त्या म्हणाल्या. आणि तुझ्यामुळे माझी ही वर्षं नुसती गेली नाहीत रे, भरली.

पण हसू ओसरल्यावर दोघांची नजर यादीवर गेली. चौदाशे शब्द, आणि मान्य म्हणणारी माणसं दोन. ताईंनी यादी उचलली आणि पिशवीत घालायला घेतली.

"पाठवता यायची नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

ललितने मान हलवली. मग दाराकडे बघत सहज म्हणाला, "एक मात्र मानलं, ताई. तुमची तृप्ती झकास जमली होती. मला कधी शंकाच आली नाय."

ताईंचा हात पिशवीतच थांबला.

"माझी?" त्या म्हणाल्या. "अरे, मी ती तुझी समजत होते आत्ता."

जिन्यावर पावलं वाजली. दारात एक सावळी, घामेजलेली मुलगी उभी होती. तिच्या छातीशी नागलीच्या लाडवांचे सात पुडे होते, प्रत्येकावर नाव घातलेलं.

"पहाटेची एसटी चुकली," ती म्हणाली. "बाकीचे कुठायत?"